भावाला बाप ठरवण्याआधी

डीएनएवरून पक्ष्यांच्या पिल्लांचा बाप शोधण्याच्या माझ्या पहिल्याच निकालात एका मदतनीस नराला मी पिल्लाचा बाप ठरवलं. तो निघाला सख्खा भाऊ. हे कळेपर्यंत सेमिनारमध्ये सांगूनही झालं होतं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

पक्षी ऑस्ट्रेलियातला, सुपर्ब फेअरी-रेन. मुलगे मदतनीस म्हणून घरीच राहून धाकट्यांना भरवतात. तरीही कॅनबेरातल्या १९९४च्या अभ्यासात ७६ टक्के पिल्लांचे बाप गटाबाहेरचे निघाले. रक्त घेण्याचं फार दडपण घेऊ नका. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक, म्हणजेच डीएनए असतं, पंखाखालच्या शिरेतला एक थेंब पुरतो.

घोळ पुढे होतो. मी ७च मायक्रोसॅटेलाइट (डीएनएवरच्या, ज्यांची लांबी प्रत्येकात वेगळी असू शकते अशा जागा) घेतले, कारण तेवढे प्रायमर (ती जागा उचलणारे डीएनएचे छोटे तुकडे) फ्रीजमध्ये तयार होते. आता नीट बघा. प्रत्येक जागी दोन लांब्या, एक आईकडून, एक बापाकडून. एका जागी पिल्लू १४२/१५८, आई १४२/१५०. म्हणजे १५८ बापाचं. सख्खा भाऊही त्याच बापाचा, तेव्हा तेच १५८ त्याला मिळालेलं असण्याची शक्यता निम्मी. सातही जागी मिळण्याची १२८त १. पण एखादी विसंगती आपण 'वाचनातली चूक' म्हणून सोडतो ना? तशी एक सोडली की शक्यता थेट १६त १! योगायोगाने जुळणारे आकडे वेगळेच. दोघांचा खरा बाप शेजारच्या हद्दीतला, जाळ्यात कधी न आलेला, मग सॉफ्टवेअरला सर्वांत जवळचा नर दिसणार तो भाऊच. त्यात सर्व्हस या बाप ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संभाव्य बापांपैकी किती टक्क्यांचे नमुने आहेत, तिथे मी ९५ भरलं. प्रत्यक्षात निम्मेही नव्हते. हा आकडा फुगवला की निकालाची खात्रीही खोटीच फुगते.

आयत्या प्रायमरांवर भागवा म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. आणि गाईड निवडताना विचारा, आलेखातले कच्चे पीक (लांबी दाखवणारे उंचवटे) तुम्ही स्वतः शेवटचे कधी पाहिलेत? मला वाचवलं ते लॅबच्या टेक्निशियनने. तिने पिल्लाचा आणि मदतनिसाचा आलेख एकाखाली एक लावला, मग त्याखाली आईचा, आणि म्हणाली, "ही दोघांचीही आई आहे, हे तू पाहिलंस का?"

मदतनिसाची आई आधी तपासा, एवढं कराच. चूक झालीच तरी घाबरू नका, इथेनॉलमधलं रक्त टिकतं. आम्ही आणखी १३ जागा तपासल्या आणि भाऊ बाद झाला. पुढच्या वसंतात शेजारचा नर सापडला. वीसही जागी जुळला, पिल्लाशी आणि त्या मदतनिसाशीही.