भुसा-प्लास्टिकच्या पट्टीत पकड कशी आणायची

पट्टी वाकवून मोडा आणि मोडलेली कड बघा. भुशाचे कण अख्खे सुटून आले असतील, मागे गुळगुळीत खड्डे राहिले असतील, तर पकड झालेलीच नाही. भुसा पाणी ओढतो, पॉलिथिलीन पाण्याला उभं करत नाही. त्यांना जोडायला मॅलेइक अॅनहायड्राइड कलम केलेलं पॉलिमर लागतं, हाच कपलिंग एजंट. कण तुटलेले दिसले तर काम झालं.

१०० किलोच्या घाण्याला (एका वेळच्या मिश्रणाला) सुरुवात अशी करा: ४० ते ८० मेशच्या चाळणीचा भुसा ५० किलो, एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिलीन) ४५, कपलिंग एजंट ३, ल्युब्रिकंट २. एजंट प्लास्टिकच्याच जातीचा हवा, म्हणजे पॉलिथिलीनला पॉलिथिलीनवाला, पीपीला (पॉलिप्रॉपिलीनला) पीपीवाला. पीव्हीसीला यातला कुठलाच नको, तिथे अमिनोसिलेन हा वेगळ्या जातीचा एजंट बघा.

खरी गोची ओलाव्याची. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावात जुलै-ऑगस्टची हवा अशी असते की सकाळी वाळवलेला भुसा उघडा ठेवला तर संध्याकाळी पुन्हा दमट. पाण्याने अॅनहायड्राइडचं वलय उघडतं, मग ते भुशाशी नीट बांधलं जात नाही. शिवाय वाफेचे फुगे पट्टीत राहतात. भुसा पातळ थरात १०५ अंशांवर वाळवा. त्यातला १०० ग्रॅम नमुना वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा तापवा. १ ग्रॅमपेक्षा जास्त घट आली तर घाणा थांबवा. वाळलेला माल गरम असतानाच हवाबंद पिशवीत भरा.

गुऱ्हाळाचं चिपाड वापरणार असाल तर आधी धुवा. त्यातली उरलेली साखर एक्स्ट्रूडरच्या (माल वितळवून पट्टी काढणाऱ्या यंत्राच्या) बॅरलमध्ये करपते, माल काळपट होतो आणि वास येतो.

एक्स्ट्रूडरचे झोन (तापवण्याचे टप्पे) १६० ते १८५ अंशांत ठेवा, वितळलेला माल २०० च्या वर जाऊ देऊ नका. व्हेंटवर (वाफ बाहेर काढायच्या तोंडावर) व्हॅक्यूम चालू हवाच.

आता सहसा कुणी न सांगणारी गोष्ट. झिंक स्टिअरेट हे ल्युब्रिकंट स्वस्त, म्हणून सर्रास टाकतात. पण ते अॅनहायड्राइडलाच धरतं आणि महागडा एजंट फुकट जातो. धातूचं स्टिअरेट नसलेलं, अमाइड मेणासारखं ल्युब्रिकंट घ्या.

शेवटी ०, २, ३, ४ आणि ५ टक्के एजंटच्या पट्ट्या काढा. प्रत्येकीचे काही तुकडे मोडून बघा, काही २४ तास पाण्यात ठेवून वजन करा. जिथून पुढे ताकद वाढत नाही, तिथेच प्रमाण कायम करा; त्यावर टाकलेला एजंट नुसता घसरडेपणा वाढवतो.