छापखान्यात लीन आणायचं असेल तर मेक-रेडीपासून सुरुवात करा

लीन, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायची पद्धत, म्हटलं की सल्लागार आधी जमिनीवर पिवळे पट्टे मारायला आणि भिंतीवर फलक लावायला सांगतात. लहान ऑफसेट प्रेसने या भानगडीत आधी पडू नये, हे माझं ठाम मत आहे. हजार-दोन हजार प्रतींच्या जॉबमध्ये आपला पैसा मशीन चालताना जात नाही, एक जॉब उतरून दुसरा लागेपर्यंतच्या तयारीत, म्हणजे मेक-रेडीत जातो.

आठवडाभर प्रत्येक जॉबचे दोनच आकडे लिहा. जुन्या जॉबच्या शेवटच्या शीटपासून नव्याच्या पहिल्या ओके शीटपर्यंत किती मिनिटं गेली आणि सेटिंगमध्ये किती शीट गेले.

मग एका मेक-रेडीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. इथे मी मोठी चूक केली होती. घड्याळ घेऊन मशीनपाशी उभा राहिलो. माणसांना वाटलं, मालक चुका शोधतोय. घाई झाली, रजिस्टर (एका रंगावर दुसरा रंग नेमका बसणं) नीट न जुळवताच ओके दिलं गेलं आणि पाच हजार प्रतींचा जॉब पुन्हा छापावा लागला. तेव्हा व्हिडिओ काढण्याआधी सगळ्यांना कारण सांगा आणि नंतर तो त्यांच्यासोबत बसूनच बघा.

आम्ही पाहिला तेव्हा 52 मिनिटांपैकी प्लेटा, ब्लँकेट (प्लेटवरची शाई कागदावर उतरवणारं रबर) आणि शाई बदलण्यात जेमतेम 20 गेली होती. बाकी वेळात हेल्पर पाना शोधत होता, कागद कटिंगला अडकला होता, एका प्लेटवर ओरखडा निघाला. आणि 14 मिनिटं मशीन माझ्या रंग-ओकेसाठी थांबलं होतं. मी ऑफिसात फोनवर होतो.

1969 साली टोयोटात जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी पत्रा दाबून घडवणाऱ्या हजार टनी प्रेसचा साचा बदलायचा वेळ चार तासांवरून आधी दीड तासावर, मग तीन मिनिटांवर आणला. त्याचं मूळ एवढंच: मशीन बंद असतानाच होणारी कामं वेगळी काढा, बाकी सगळी मशीन चालू असतानाच उरका. प्लेट चढवणं, ब्लँकेट धुणं ही पहिली. प्लेट तपासणं, शाई मिसळणं, कागद कापून आणणं ही दुसरी.

यासाठी एक ट्रॉली करा. चालू जॉब अर्धा होताच पुढच्याची ट्रॉली मशीनशेजारी यायला हवी: तपासलेल्या चारही प्लेटा, जॉब कार्ड, सही झालेला प्रूफ, तयार शाई, पाने. काही कमी असेल तर तो जॉब लावायचाच नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. कागदही आधी आणून ठेवा, पण पावसाळ्यात रिमचं वेष्टन लवकर फोडू नका. कागद ओल धरतो, रजिस्टर हलतं.

रंगाचं ओके देणारा माणूस मशीनपाशीच हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून रंग पास करू नका. प्रत्येक मोबाइलच्या पडद्यावर लाल वेगळा दिसतो.

जॉबचा क्रम लावताना एकाच साइझचे आणि जीएसएमचे (कागदाच्या वजनाचे) सलग घ्या, खास शाईचे असतील तर फिक्यापासून गडदाकडे जा.

‘असू दे’ म्हणून जादा छापणं बंद करा.

ते दोन आकडे मशीनशेजारच्या फळ्यावर मशीनमननेच स्वतःच्या हाताने लिहायचे. आमचे जुने मशीनमन काका रोज सकाळी आधी कालचा आकडा बघतात, मग चहा घेतात.