या चुका टाळा: ओपीडीत मुलांच्या तारा आणि प्लास्टर काढताना

कोपराच्या फ्रॅक्चरला हाड जागेवर धरायला घातलेल्या तारा साधारण तीन-चार आठवड्यांनी ओपीडीतच काढतात. काम मिनिटभराचं, म्हणून "रडेल आणि गप्प होईल" या हिशेबात दुखण्याचं औषध राहून जातं. मग पुढच्या तपासणीला तेच मूल दारातून आत यायला तयार नसतं.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा. पॅरासिटामॉल पोटात गेल्यावर लागू पडायला अर्धा तास तरी लागतो, पूर्ण जोर तासाभराने येतो. प्रत्यक्षात काय होतं? नंबर पुकारतात, पोराला टेबलावर घेतात, तेव्हा कुणाला तरी आठवतं, "सिरप दिलं का?" तिथल्या तिथे पाजतात आणि पाच मिनिटांत पक्कड लावतात. ते औषध काम करतं घरी जाताना, रिक्षात. उलटंही होतं. कासारवडवलीहून निघणारी आई सकाळी आठलाच डोस देते, घोडबंदर रोडवर अडकते, मग रांगेत थांबते. तार निघेपर्यंत साडेबारा वाजतात आणि असर ओसरलेला असतो. म्हणून डोस क्लिनिकमध्येच द्या: केसपेपर काढताना वजन, लगेच औषध, पेपरवर वेळ, आणि 45 मिनिटांनी आत. तोवर दुसरा पेशंट घ्या. हे 45 मिनिटं थांबणं ज्यांना जड जातं, त्यांनी मुलांची कामं हातात घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. औषध देण्याआधी घरी तापाचं सिरप दिलंय का, हे मात्र विचाराच.

दुसरी चूक "एक चमचा". पॅरासिटामॉलचा डोस वजनाच्या किलोला 15 मिलिग्रॅम. 20 किलोच्या मुलाला 300 मिलिग्रॅम लागतात. बाटलीवर 5 मिलीत 250 लिहिलं असेल तर 6 मिली. 120 लिहिलं असेल तर साडेबारा मिली. त्या दुसऱ्या बाटलीतला एक चमचा म्हणजे निम्माही डोस नाही, आणि मग "औषधाने काही होत नाही" असं म्हणायला सगळे मोकळे. थेंबांच्या बाटलीत गणित उलटं फिरतं: तिथे 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम असतात. 6 किलोच्या बाळाला 0.9 मिली पुरतं. तिथे चमचा भरला तर पाचपटीहून जास्त जाईल. सुई नसलेली सिरिंज वापरा, चमचा नको.

आयबुप्रोफेन किलोला 10 मिलिग्रॅम, खाल्ल्यावर. पावसाळ्यात ताप असलेल्या मुलाला डेंग्यूची शंका फिटेपर्यंत देऊ नका. 12 वर्षांखाली कोडीन, ट्रॅमाडॉल, निमेसुलाइड नको.

गुंगीच्या सिरपने मूल गप्प होतं, दुखणं तसंच राहतं. ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर आणि फक्त मुलाकडे लक्ष ठेवणारा माणूस नसेल तर त्या बाटलीला हात लावू नका.

प्लास्टर कटरबद्दल नवशिके एवढंच सांगतात, "कातडी कापत नाही." पातं थरथरतं, त्यामुळे सहसा कापत नाही हे खरं, पण तापतं, आणि फायबरच्या प्लास्टरवर जास्तच. पातं पुढे ओढत नेलं की भाजतं. दाबा, प्लास्टर सुटल्याचं हाताला कळलं की उचला, पुढच्या जागी ठेवा. मधेमधे पातं निवू द्या. मूल "गरम लागतंय" म्हणालं तर थांबा. ते घाबरून बोलत नाही, खरं सांगतंय. आवाजासाठी कानांवर इअरमफ लावा.

क्लबफूटच्या (जन्मतः पाऊल आत वळलेल्या) बाळाची टाचेमागची शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, सोडवताना जागा बधिर करायचं 2 टक्के लिग्नोकेन सढळ हाताने भरू नका. मर्यादा किलोला 3 मिलिग्रॅम, म्हणजे 5 किलोच्या बाळाला 0.75 मिली, आणि लागतं त्याहूनही कमी. जागा फुगली की शीर बोटाला लागत नाही. बाळाला दोन मिनिटं आधी साखरेचं पाणी द्या किंवा अंगावर पाजायला सांगा.

"अजिबात दुखणार नाही" असं सांगू नका. "थोडं ओढल्यासारखं होईल, पाच आकडे मोज" हे सांगा, आईच्या मांडीवर बसवूनच काम करा.

आणि ती चिकटलेली पट्टी! तारेभोवती सुकलेल्या रक्ताचं गॉज कोरडं ओढतात, तेव्हा मूल तारेपेक्षा जास्त कळवळतं. सलाइनने भिजवून पाच मिनिटं ठेवा, आपोआप सुटतं. निघताना पुढच्या डोसची वेळ लिहून द्या: पॅरासिटामॉल सव्वादहाला दिलं असेल तर सव्वाचारच्या आधी नाही.