पुण्यात बसून बेलारूसमधील एका लहान गावाचा अभ्यास कसा करावा : मीरचे उदाहरण

परक्या देशातील लहान गावाची माहिती गोळा करताना पहिली अडचण नावाचीच येते. बेलारूसची राजधानी मिन्स्कच्या नैऋत्येस सुमारे ९० किलोमीटरवरील 'मीर' शोधू गेल्यास सोव्हिएत अंतराळस्थानकच आधी समोर येते. म्हणून नावासोबत ग्रोद्नो हा प्रांत अवश्य जोडावा. नकाशात नावाचे मधले अक्षर निरखून पाहावे : डोक्यावर टिंब असलेला उभा दांडा असेल तर नकाशा बेलारुशियन, दोन दांडे तिरप्या रेघेने जोडलेले असतील तर रशियन.

भूगोलाचा प्रारंभ पाण्यापासून करावा. मिरान्का ही छोटी नदी 'उशा' नदीला मिळते, उशा नेमान नदीला आणि नेमान बाल्टिक समुद्राला. ही साखळी एकदा हाताने काढली की उपग्रहचित्रात तळ्याकाठचा किल्ला आणि गावातला बाजारचौक चटकन सापडतो. असे बाजारगाव तिकडे 'मेस्तेच्को' म्हणून ओळखले जाई. पुणेकराला त्यासाठी 'कसबा' हा शब्द जवळचा वाटेल.

इतिहासासाठी वहीच्या डाव्या पानावर राज्यसत्ता आणि उजव्या पानावर कागदपत्रांची भाषा लिहावी. लिथुआनियाची ग्रँड डची, पोलंड-लिथुआनियाचे संयुक्त राज्य, रशियन साम्राज्य, १९२१ ते १९३९ पोलंड, मग सोव्हिएत संघ व १९९१ पासून स्वतंत्र बेलारूस, इतक्या सत्तांखाली हे एकच गाव राहिले, त्यामुळे कोणत्या काळासाठी कोणत्या भाषेतला कागद शोधायचा हे या दोन पानांवरूनच ठरते.

तारखांबाबत मात्र फार सावध राहावे. नेपोलियनच्या स्वारीतील मीरची लढाई ९ व १० जुलै १८१२ रोजी झाली, पण जुनी कालगणना पाळणाऱ्या रशियन कागदांत ती २७ व २८ जून अशी येते. शक, हिजरी आणि सुहूर सन जुळवण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या अभ्यासकाला हा बारा दिवसांचा फरक जड जाऊ नये. दोन्ही तारखा शेजारी नोंदवाव्यात.

किल्ल्याविषयी साहित्य विपुल मिळते : सोळाव्या शतकाच्या प्रारंभी इलिनिच घराण्याने केलेली उभारणी, १५६८ पासून राद्झिविल घराण्याची मालकी, २००० मध्ये जागतिक वारसा यादीतील समावेश. तेवढ्यावर थांबू नये. गावातील मोठी वस्ती ज्यूंची होती आणि त्यांची येशिवा, म्हणजे धर्मशास्त्राची पाठशाळा, दूरवर ख्यातनाम होती. जर्मन ताब्याच्या काळात, १९४२ मध्ये, हयात उरलेल्या ज्यूंना याच किल्ल्यात कोंडण्यात आले. ऑगस्टमध्ये काहीजण जंगलात निसटले, मागे राहिलेल्यांची हत्या झाली. बांधकामाची माहिती ज्या पानावर असेल, त्याच पानावर हीही नोंद करावी.