स्पेनच्या सालामांका शहरात दुसऱ्याच्या घरी राहून स्पॅनिश शिकताना

जळगावहून स्पेनला निघालेल्या पोरापोरींना मी आधी जेवणाचंच सांगते. वर्गाचं शाळा बघून घेते. यजमानांकडे दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊच्या पुढे. मधल्या भुकेला बॅगेत शेंगदाणे ठेवा. शाकाहारी असाल तर अर्जातच 'मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत' असं सुटं सुटं लिहा. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलं तर सॅलडमध्ये ट्यूना मासा येऊ शकतो, आणि बटाट्याच्या तोर्तियात, म्हणजे तिथल्या जाड ऑम्लेटात, अंडी असतातच.

एखाद्या रविवारी विचारून स्वयंपाकघर मागा, भरीत करा. बामणोदची हिरवी वांगी कुठली तिथे, जांभळ्यावर भागवा. गॅस नसेल तर ओव्हनमध्ये भाजा. मिरची बेतानं, आपल्या खान्देशी हातानं नको! कांदा चिरता चिरता घरच्या बाईंशी जेवढं बोलणं होतं, तेवढं वर्गात होत नाही. खोलीत बसून आईला व्हिडिओ कॉलच लावायचे असतील तर फैजपूर काय वाईट होतं?

९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर विद्यार्थी व्हिसा लागतो. धुणं कधी, गरम पाणी किती, मैत्रीण घरी आणलेली चालते का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.