जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा

अमळनेरला माझ्या मेहुण्यांचं कृषी केंद्र आहे. काउंटरमागच्या टेबलाखाली २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप : इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबायचं, उदबत्ती लावायची, झाडलोट करायची, तरी स्क्रीनवर गोल फिरतच असायचं. गेल्या मे महिन्यात ते म्हणाले, "भाऊ, हाऊ ते म्हतारा हुयी गया." नव्याचं कोटेशनही आणून ठेवलं होतं. मी म्हटलं, आधी उघडू तर द्या.

डाव्या बाजूचं झाकण काढलं तेव्हा प्रोसेसरचा पंखा दिसतच नव्हता. पंख्याखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धूळ आणि रुईचे तंतू मिळून नमद्यासारखा जाड थर बसला होता. चिमट्याने धरून ओढला, तर अख्खा तुकडा एका दमात निघाला. हंगामात समोरच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जिनिंगला जातात, दुकान दिवसभर उघडं, आणि मे महिन्यात खान्देशात पारा ४५ च्या पुढे. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. म्हणूनच आपल्या भागात कॉम्प्युटर मंद झाला तर पहिला संशय धुळीवर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी दुखणं ओळखा

कॉम्प्युटर चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. रोजची कामं सुरू ठेवून पाच मिनिटं आकडे बघत राहा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) १०-१५ वर असेल, तर हार्ड डिस्क अडकवते आहे. मेमरी ९० च्या पुढे असेल, तर रॅम अपुरी पडते. दोन्ही ठीक असूनही पंखा भणभणत असेल आणि तासाभराने मशीन जड होत असेल, तर उष्णता.

मग बॅकअप. टॅलीचा डेटा, बिलं, फोटो, मुलांचे दाखले, सगळं पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून तपासा. याआधी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

सफाई

प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेट ओट्यावर किंवा अंगणात न्या, तोंडाला रुमाल बांधा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज उतरते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने गरगर फिरवलं तर बेअरिंग खराब होतं. कोपऱ्यांसाठी रंगाचा कोरडा, नवा ब्रश चांगला. ओलं फडकं अजिबात नाही. एसएमपीएस, म्हणजे वायर जिथून येते तो पत्र्याचा डबा, बाहेरूनच फुंकून घ्या. तो उघडू नका, प्लग काढल्यावरही आत धोकादायक विद्युतभार राहतो.

रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके घासा, चुरा झटका आणि खट् आवाज येईपर्यंत परत बसवा. मशीन सात-आठ वर्षांचं असेल तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप, तोही बदला : जुनी वाळलेली पुसून काढायची, प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी ठेवायची आणि हीटसिंक (पंख्याखालची ती पाती) सरळ दाबून बसवायचा. रोज तारीख-वेळ चुकत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेलही बदलून टाका, घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो.

एसएसडी

एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपची डिस्क. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर इथे घाला. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई जागा शोधत हिंडते. एसएसडीत हलणारं काहीच नाही. अडीच इंची साटा (हा जोडणीचा प्रकार) एसएसडी घ्या, दुकानाच्या कामाला २४० किंवा २५६ जीबी पुष्कळ. जोडायला एक डेटा केबल आणि एसएमपीएसची एक पॉवर वायर लागते. मोकळी नसेल तर डीव्हीडी ड्राइव्हची काढून वापरा, तिला आता कोण विचारतं?

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करता येते, पण दहा वर्षांचा कचराही सोबत येतो. मी विंडोज नव्याने टाकतो. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलर बनवायचा, आणि इन्स्टॉल करताना जुनी हार्ड डिस्क सोडवून ठेवायची. नजरचुकीने भलतीच डिस्क फॉरमॅट झालेली मी पाहिली आहे, मालकाचा चेहरा बघवत नव्हता. त्याच मदरबोर्डवर आधी अधिकृत विंडोज १० चालू असेल तर प्रॉडक्ट की (विंडोजचा परवाना क्रमांक) लागत नाही, नेट जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. सगळं सुरळीत झालं की जुनी डिस्क साठवणुकीसाठी परत जोडा.

रॅम

४ जीबीची ८ करा, एवढंच. २०१४ च्या आसपासच्या मशीनला बहुधा डीडीआर३ प्रकारची रॅम लागते. खाच वेगळ्या जागी असल्याने डीडीआर४ बसतच नाही, म्हणून जुनी पट्टी खिशात घालूनच दुकानात जा.

विंडोज की लिनक्स?

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून नियमित मिळणारे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे असली मशीन त्यात बसत नाहीत. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. मुलांचा अभ्यास, यूट्यूब, पत्रं आणि फॉर्म एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई आवृत्ती टाका. फुकट आहे, हलकी आहे, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात येतो. पण टॅली, डिजिटल सहीचा टोकन किंवा जुने डीटीपी फॉन्ट यांवर पोट असेल तर विंडोजच ठेवा. अपडेट बंद झालेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका आणि अनोळखी पेन ड्राइव्ह लावू नका.

मदरबोर्डवरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा गळालेले दिसले, किंवा मशीन डीडीआर२ च्या काळातलं निघालं, तर खर्च करू नका, नवीनच घ्या.

मेहुण्यांचं मशीन आता उदबत्ती पेटेपर्यंत तयार असतं. कॅबिनेट जमिनीवरून उचलून वीतभर उंच लाकडी पाटावर ठेवलंय, मागची बाजू भिंतीपासून लांब. दिवाळीच्या साफसफाईत आणि होळीनंतर, अशी वर्षातून दोनदा झाकण उघडायची तारीख त्यांनी दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.