फुटपाथवर ठेवायची पाटी कशी निवडावी? कॅफे, रेस्टॉरंट आणि हॉटेलवाल्यांसाठी

पाटी घ्यायची म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येतात ते रंग, लाकडी चौकट आणि सुंदर अक्षरं. ते सगळं नंतर. पहिलं काम म्हणजे टेप घेऊन दाराबाहेर जाणं.

१. आधी वाट मोजा

पाटी उघडून उभी केल्यावर पायांचा पसारा किती होतो ते धरा आणि चालणाऱ्यांसाठी किती रुंदी उरते ते पाहा. एका व्हीलचेअरला जायला किमान ९० सेंटीमीटर लागतात. तिच्या शेजारून माणूस जायचा असेल तर साधारण दीड मीटर, आणि दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर १.८ ते २ मीटर. पाटी ठेवून दीड मीटरही उरत नसेल तर उभ्या पाटीचा नाद सोडा. भिंतीला काटकोनात लावलेला छोटा फलक तिथे जास्त कामाचा.

पांढरी काठी घेऊन चालणाऱ्यांचाही विचार करा. काठी जमिनीलगत फिरते, त्यामुळे खाली पोकळ आणि वर पसरट असलेली पाटी तिला लागतच नाही, थेट माणसालाच लागते. म्हणून खालपर्यंत भरीव असलेली किंवा जमिनीलगत आडवी पट्टी असलेली पाटी घ्या आणि ती रोज एकाच जागी ठेवा.

अनेक शहरांत फुटपाथवर पाटी ठेवायला स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते, काही ठिकाणी मापालाही मर्यादा असते. ही चौकशी खरेदीच्या आधी करायची. जागा भाड्याची असेल तर मालकालाही विचारून ठेवा.

२. मजकूर किती वेळा बदलणार?

पाटीचा प्रकार खरं तर या एका प्रश्नावर ठरतो.

रोज बदलणार असेल तर फळा. ‘ए’ आकाराचा, दोन्ही बाजूंनी लिहिता येणारा. पण फळ्याला रोज लिहिणारा हात लागतो, आणि हे मात्र कोणी विचारात घेत नाही. ज्याचं अक्षर बरं आहे असा माणूस सकाळच्या पाळीत नसेल, तर आठवड्याभरात फळ्यावर शिळा मजकूर दिसू लागतो. शिळी पाटी असण्यापेक्षा पाटी नसलेली बरी, कारण बाहेर लिहिलेला पदार्थ आत मिळाला नाही की गिऱ्हाईक तिथेच नाराज होतं.

साधा खडू पावसाच्या एका सरीत धुऊन जातो. लिक्विड चॉक मार्करची, म्हणजे खडूसारखी शाई असलेल्या पेनांची, अक्षरं ठळक येतात, पण ते गुळगुळीत, पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागावरच वापरावेत. रंगवलेल्या लाकडी फळ्याच्या छिद्रांत शाई मुरते आणि पुसल्यावरही जुन्या अक्षरांचं भूत मागे राहतं. आधी एका कोपऱ्यात लिहून, वाळवून, पुसून पाहा. भर पावसात टिकणारे मार्करही मिळतात, पण त्यातले बरेच नुसत्या ओल्या फडक्याने निघत नाहीत. त्यांचा क्लीनर सोबतच घ्या.

मजकूर पंधरवड्याने किंवा महिन्याने बदलत असेल तर पोस्टर फ्रेम सोयीची. चारही कडा उचलून उघडायच्या, पोस्टर बदलायचं, पारदर्शक शीट लावून कडा दाबायच्या. पाऊस पडणाऱ्या जागी कडांना रबरी सील असलेलीच घ्या, नाहीतर पोस्टर आत ओलं होऊन सुरकुततं. शीटही ऊन सोसणारी हवी, साधी लवकर पिवळी पडते.

नाव, बाण आणि वेळ एवढंच कायमचं लिहायचं असेल तर छापील पत्रा पुरे.

३. वाऱ्याला कमी लेखू नका

ए१ मापाचा कागद ५९४ × ८४१ मिलीमीटरचा, म्हणजे जवळपास अर्धा चौरस मीटर. ताशी ३६ किलोमीटरचा वारा तेवढ्या पाटीला साधारण ३ ते ४ किलो वजनाइतका आडवा रेटा देतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. म्हणजे दुपारी निवांत उभी असलेली पाटी संध्याकाळी रस्त्यावर जाऊ शकते, आणि ती कुणाला लागली तर जबाबदारी तुमचीच.

मोकळ्या, वाऱ्याच्या कोपऱ्यावर झुलत्या पॅनेलची किंवा स्प्रिंगवर उभी असलेली पाटी घ्या. ती वाऱ्यापुढे थोडी वाकते, पडत नाही. पोकळ तळात पाणी किंवा वाळू भरता येते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तेवढ्याच जागेत कोरडी वाळू दीडपट भरते. कडाक्याची थंडी पडते तिथे पाण्याने तळ काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी फुगतं आणि प्लास्टिक तडकतं. पाटी दिव्याच्या खांबाला साखळीने बांधणं हा उपाय नव्हे, चालणाऱ्याच्या पायात नवी अडचण आहे. वादळी वाऱ्याच्या दिवशी ती सरळ आत घ्या.

४. साहित्य

ॲल्युमिनियम हलकं असतं आणि लोखंडासारखं गंजत नाही, समुद्राकाठी पावडर कोटिंग केलेलं घ्यावं. लाकूड छान दिसतं, पण त्याला वरचेवर पॉलिश लागतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, बाहेर नकोच, कडेने ओल शिरली की फुगतं.

५. अक्षर किती मोठं?

माणूस सेकंदाला सव्वा ते दीड मीटर चालतो. सात मीटरवरून पाटी दिसली तर वाचायला आणि आत वळायचं ठरवायला त्याच्या हाती पाचेक सेकंद असतात. तेवढ्यात पाच-सात शब्द होतात, संपूर्ण मेनू नाही. ढोबळ हिशेब असा की तीन मीटरवरून सहज वाचता यायला अडीच सेंटीमीटर उंचीचं अक्षर हवं; सहा मीटरसाठी पाच. देवनागरीत वेलांटी आणि उकार जागा खातात, तेव्हा ओळींमध्ये अंतर सढळ ठेवा. गडद पाटीवर पांढरं किंवा पिवळं अक्षर लांबून उठून दिसतं. पाटीचं तोंड चालणाऱ्याकडे ठेवा, रस्त्याला समांतर ठेवलेली पाटी फक्त समोरच्या दुकानाला दिसते.

राहण्याच्या हॉटेलचं गणित थोडं वेगळं आहे. पाहुणा बऱ्याचदा अंधारात, सामान घेऊन, पत्ता शोधत येतो. त्याला चविष्ट शब्द नकोत; नाव, बाण आणि रिसेप्शन कुठे ते हवं. पाटी दाराच्या दिव्याच्या उजेडात येईल अशी ठेवा.

६. पैसे देण्याआधी

पाटी दुकानातच उघडून, मिटून, उचलून पाहा. रात्री दुकान बंद करणाऱ्या एकट्या माणसाला ती आत नेता आली पाहिजे. मिटताना बिजागरीत बोट सापडत नाही ना आणि पाय फाकू नयेत म्हणून साखळी किंवा कडी आहे ना, ते तपासा. पारदर्शक शीट, स्प्रिंग आणि तळाचं बूच सुटं मिळतं का तेही विचारा. नेमकं तेच आधी खराब होतं, आणि बूच हरवलं म्हणून अख्खी पाटी बदलावी लागू नये.